भाड्याचं घर, पंधरा हजार रुपये आणि आजीच्या तीन इरकली

रानजाई
मंडळी, गेल्या महिन्यात डोंबिवलीत वन बीएचके भाड्याने घेतलं. करार ११ महिन्यांचा, पण मालक भले आहेत, दोन-तीन वर्षं हलावं लागणार नाही असं दिसतंय. त्यांची अट एकच: भिंतीला नवीन भोक पाडायचं नाही. आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेले चार खिळे आहेत, तेवढे वापरा म्हणाले.

घर म्हणाल तर चारही भिंती मळकट क्रीम, खाली तपकिरी टाइल्स, छताला एक पांढरी ट्यूबलाइट. संध्याकाळी लोकलमधून उतरून दार उघडलं की दवाखान्याच्या बाकावर येऊन बसल्यासारखं वाटतं. सामानात एक दिवाण, आईकडच्या दोन वेताच्या खुर्च्या आणि पुस्तकांचं लोखंडी रॅक.

माझं लहानपण मिरजेला आजीच्या घरात गेलं. पैसा बेताचाच होता, पण नजर जाईल तिथे नक्षी होती. माजघरात काळ्या-लाल-पिवळ्या नक्षीच्या सिमेंटच्या फरशा, कोनाड्यात क्रोशाचा रुमाल, दिवाणावर वाकळ, उंबऱ्याबाहेर रांगोळी. आजीने ‘घर सजवायचं’ म्हणून यातलं काहीच केलेलं नव्हतं, तरी आलेला माणूस दोन मिनिटं बघत राहायचा. मला त्या जातीचं घर हवंय. महागडं नको, पण कुणाच्याही कॅटलॉगातलं वाटेल असंही नको.

हाताशी आहेत त्या आजीच्या तीन इरकल नऊवारी (एक काळी चौकड्यांची, एक हिरवी, एक अंजिरी, जरा विरलेली), एक सोलापुरी चादर आणि तांब्याची घागर. खर्चाची मर्यादा १५ हजार, सगळं धरून.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नक्षीवर नक्षी ठेवली तर घराचं दुकान होऊ नये म्हणून काय पाहायचं? आणि दुसरं, मनात जास्त रुतलेलं: आजीच्या साड्या कापून उशांचे अभ्रे आणि पडदे करावेत का? कात्री दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा परत ठेवली.

ठाकुर्लीकर
शेजारीच आहात की! स्वागत.
कापडाच्या आधी दिवा बदला, हे अगदी मनापासून सांगतो. तुमची ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची असणार, त्या उजेडात इरकलचा अंजिरी रंग मातकट दिसतो. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेले ‘वॉर्म व्हाइट’ एलईडी आणा, ७ ते ९ वॉटचे दोन-तीन. आणि सगळे वर टांगू नका. एक दिवाणाशेजारी, बसल्यावर खांद्याला येईल इतक्या उंचीवर ठेवा. उजेड खालून आणि बाजूने आला की भिंतीचा मळकटपणा निम्मा विसरायला होतो. ट्यूब राहू दे, केर काढताना आणि सुई ओवताना लागतेच.

मुक्ता_मुलुंड
वाचतेय. आमच्याही भिंती त्याच क्रीम रंगाच्या. मालक लोक एकाच डब्यातून रंग आणतात बहुतेक :)

धावदोरा
मी बेळगावात शिवणकाम करते, २२ वर्षं झाली. खण आणि इरकल रोज हाताखालून जातं म्हणून थोडं लांबण लावते.

नक्षीसाठी खण घ्यायचा विचार येईलच तुमच्या मनात, सगळ्यांच्या येतो. खण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, चोळीसाठी. म्हणून त्याचा पन्हा अरुंद, साधारण ३० ते ३२ इंच. उशीचा नेहमीचा अभ्रा १६ बाय १६ इंचाचा. शिवणीची अर्धा-अर्धा इंच माया धरली तर १७ इंचाचा चौकोन लागतो. म्हणजे पन्ह्यात दोन चौकोन बसत नाहीत, एकच बसतो आणि १३ ते १५ इंचांची पट्टी उरते. पुष्कळ जणी हे न मोजता दोन-दोन मीटर घेतात आणि मग हळहळतात. पुढची बाजू खणाची, मागची साध्या सुती कापडाची करायची. उरलेल्या पट्टीत १२ इंची छोट्या उशीची पुढची बाजू निघते. एका मीटरमध्ये दोन मोठ्या आणि दोन छोट्या उशा होतात.

बसायच्या जागी मात्र खण घालू नका. त्याची नक्षी जादा ताण्याने (उभ्या दोऱ्यांनी) उठवलेली असते, मागच्या बाजूला दोरे मोकळे धावतात. अंगठी, पैंजण, लहान मुलाची नखं, कशातही अडकतात. अस्तर लावल्याशिवाय तर वापरूच नका.

इरकलबद्दल नंतर लिहिते, मशीनवर गिऱ्हाईक आलंय.

शेवंती_नाशिक
मी जरा विरोधात बोलणार आहे. खण आता सगळीकडे झालाय. खणाची डायरी, खणाची पर्स, खणाचं तोरण, खणाचा आकाशकंदील. उशा, पडदे, टेबलावरची पट्टी असं सगळंच खणाचं केलं की थाळीच्या हॉटेलात बसल्यासारखं वाटतं, आता कुणीतरी ताक आणून देईल असं. नक्षीची एकच गोष्ट निवडावी आणि तिला मोकळी जागा द्यावी. बाकी सगळं साधं: मांजरपाट, खादी, ताग. आमच्याकडे अख्ख्या हॉलमध्ये नक्षी म्हणून फक्त एक लाल-काळी सतरंजी आहे. येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल विचारतो, कारण डोळ्याला दुसरीकडे जायलाच जागा नाही.

गवळण_सांगली
शेवंतीताई, ताकाचं पटलं, पण एकच नक्षी हे नाही पटलं. मिरजेच्या घरात पाच नक्ष्या होत्या असं रानजाई स्वतःच लिहितेय. फरशी, रुमाल, वाकळ, रांगोळी, शिवाय आजीच्या अंगावरची साडी. आमच्या आज्जीकडं पण तसंच, आणि कधी डोळ्यावर आलं नाही. का, ते शोधायला पाहिजे.

धावदोरा
गवळण, तू नेमकं बोट ठेवलंस. उत्तर इरकलीतच आहे.

काळी चौकडी समोर पसरून बघ, रानजाई. अंगात बारीक चौकडा. काठ रुंद, लाल, त्यात आडवी नक्षी. पदर लाल, त्यावर पांढरी टोपतेनी, म्हणजे इरकलच्या पदराची ठरलेली नक्षी. तीन नक्ष्या झाल्या की नाही? तरी भांडत नाहीत. पहिलं कारण, त्यांची मापं वेगळी आहेत. चौकडा एवढा बारीक की दोन हातांवरून एकच रंग वाटतो. काठ मध्यम. पदर मोठा आणि ठळक, पण तो एकाच जागी. दुसरं कारण, काठातला लाल पदरात परत येतो. एक धागा सगळीकडून फिरलेला असतो.

घरातही तेच कर. बारीक नक्षी जास्त जागेवर, म्हणजे पडदा किंवा दिवाणाची चादर. मध्यम नक्षी उशांवर. मोठी, ठळक नक्षी एकाच ठिकाणी. आणि एखादा रंग ठरव, समजा कुंकवाचा लाल, तो प्रत्येक गोष्टीत थोडा तरी असू दे. सारख्याच मापाच्या दोन नक्ष्या शेजारी आल्या की एकमेकींना खातात.

शेवंती_नाशिक
हे पटलं. मग मी असं म्हणेन: नक्ष्या कितीही असू देत, पदर एकच.

ठाकुर्लीकर
‘पदर एकच’ हे लिहून ठेवतो. बायकोला दाखवलं, ती म्हणाली तुमच्या चपला-बुटांनाही कपाट एकच.

अरण्य_डहाणू
भिंतीसाठी कुणीतरी वारलीचा स्टेन्सिल सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. रागाने नाही, आपलेपणाने.

आमच्या भागात लग्नघरात भिंतीवर चौक लिहितात, ‘काढतात’ म्हणत नाहीत. तो लिहितात सवाशिणी, आणि त्यात पालघाट देवी असते. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज डहाणू, तलासरी, जव्हार भागात कितीतरी चित्रकार याच कामावर घर चालवतात.

तारपा नाच, शेती, झाडं, पक्षी हे विषय घरात जरूर लावा. पण चौकातली देवी बाथरूमच्या टाइलवर किंवा पायपुसण्यावर पाहिली की वाईट वाटतं. आणि जमलं तर प्लास्टिकचा छाप विकत घेण्याऐवजी चित्रकाराकडून एक लहान चित्र घ्या. कापडावरचं छोटं चित्र दोन-अडीच हजारांत मिळू शकतं, गुंडाळून घरी नेता येतं आणि तुमच्या चार खिळ्यांपैकी एकावर बसतं.

रानजाई
अरण्य, मनापासून आभार. मी खरंच स्टेन्सिल बघून ठेवला होता. आता नाही घेत.

कौलारू
वॉलपेपरचं नाव अजून कसं निघालं नाही? माझा अनुभव आधीच सांगून टाकतो. ठाण्यात चौथ्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत. दुकानदाराने सांगितलं, एका रोलमध्ये ५७ चौरस फूट बसतं, दोन रोल घ्या, एका दिवसात घर बदलेल. बदललंही. फार सुंदर दिसत होतं, केळीच्या पानांची नक्षी होती. जुलैत पहिली फुगी आली. ऑगस्टमध्ये कोपरा सुटला आणि मागे बघितलं तर काळी बुरशी. भिंतीला बाहेरून ओल होती आणि कागदाने तिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. काढताना रंगासकट प्लास्टरचे पापुद्रे आले. मालकाला अनामत रकमेतून ते कापून द्यावं लागलं.

पावसाच्या बाजूच्या भिंतीला काहीही चिकटवू नका. कापड टांगा, मागून हवा खेळती राहील. चिकटपट्टीच्या हुकांचंही तेच, जुन्या डिस्टेंपरवर लावलेत तर काढताना रंग सोलून येतो. आधी दाराच्या मागे एक लावून आठवडाभर बघा.

पखवाज
लोखंडी रॅक आहे ना? मग अर्धी भिंत तुमचीच झाली. दहा-बारा छोटे लोहचुंबक आणा, रॅकच्या बाजूला कापड, चित्र, वाळलेली गवताची फुलं, काय वाटेल ते लावा आणि महिन्याने बदला. मी अशीच गंजिफाची, म्हणजे जुन्या खेळातल्या पत्त्यांची पानं लावलीत. सावंतवाडीहून आणलेली हाताने रंगवलेली सुटी पानं आहेत, गोल, लाखेचं काम केलेली. अख्खा दशावतारी संच १२० पानांचा असतो आणि आपल्या बजेटबाहेर जातो. पण लहान जागेत तीन पानंसुद्धा पुरतात. फक्त चुंबक पानावर नको, पातळ चौकटीच्या कडेला लावा, नाहीतर रंगाला चरा पडतो.

सोलापुरी_शेंगा
सोलापुरी चादरीचा उल्लेख करून पुढे कसे गेलात सगळे? ती चादर आहे तर तुमचा ‘पदर’ तयार आहे! जॅकार्ड मागावरची मोठी नक्षी, दोन्ही बाजूंना उलट रंगात. एक बाजू कंटाळवाणी झाली की उलटी घाला. आमच्याकडे त्याच धाटणीचे वॉल हँगिंग पण विणतात, मोर, हरिण, देवळं, वाट्टेल ते. पूर्वी घरोघरी असायचे, मग लोकांना जुनाट वाटायला लागले. आता परत बघतो तर एकेक तुकडा काय देखणा आहे. सोलापुरात आलात तर शेंगाचटणी आणि वॉल हँगिंग, दोन्ही न्या.

मुक्ता_मुलुंड
चादर रंग सोडते का पहिल्या धुण्यात? मीठ घालून भिजवावी का?

धावदोरा
मिठाने रंग पक्का होतो हा समज आहे. मीठ कापड रंगवताना कामाला येतं, रंगलेल्या कापडाला नाही. जास्तीचा रंग निघून जायला हवा एवढंच. गार पाण्यात एकटं धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासून बघायचा, डाग आला तर अजून एक धुणं बाकी आहे.

मांडवी_काठ
गोंयातून लिहितेय. आमच्या जुन्या घरात खाली लाल ऑक्साइडची जमीन आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. दुपारचं ऊन त्यातून आलं की दुधासारखा उजेड पडतो. सांगायचा मुद्दा असा की भिंत आणि जमीन जेव्हा इतकी साधी असते तेव्हा एक निळी-पांढरी टाइलसुद्धा बोलते. रानजाईकडे उलट आहे, तपकिरी टाइल्स आधीच बडबड करताहेत. त्यांना सतरंजीने झाका, निदान दिवाणासमोरचा भाग. आणि खिडकीला पातळ, पांढरट सुती पडदा, उजेड गाळून देणारा. जाड पडद्याने खोली लहान होते.

पडद्याला चुण्या भरपूर पडू द्या. खिडकी ५ फूट रुंद असेल तर शिवून झालेला पडदा १० फुटांचा हवा. कापड वाचवायला गेलं की तो गादीवर ओढलेल्या चादरीसारखा ताणलेला दिसतो.

गवळण_सांगली
मांडवीताई, शिंपल्याच्या खिडकीचा फोटो टाका ना.
आणि सिमेंटच्या नक्षीच्या फरशांबद्दल कुणाला माहीत आहे का? आमच्या जुन्या घरातल्या उखडून टाकल्या तेव्हा मी आठवीत होते. एक जपून ठेवलीय, आता तिच्यावर चहाचं भांडं ठेवते.

कौलारू
त्या भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, दाबयंत्राखाली घट्ट करून, पाण्यात मुरवलेल्या असतात. म्हणून रंगाचा थर जाड असतो आणि साठ वर्षं पाय घासूनही नक्षी जात नाही, उलट गुळगुळीत होत जाते. मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून त्या बनवायला घेतल्या, स्वदेशीच्या काळात, तोवर अशा फरशा बाहेरून यायच्या. आजही मिळतात. भाड्याच्या घरात बसवता येणार नाहीत, पण गवळणसारखी एखादी सुटी फरशी जुन्या बाजारात मिळते. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, सकाळी लवकर जा. कुंडीखाली, समईखाली, गरम भांड्याखाली, कुठेही शोभते.

तळ्यातमळ्यात
न्यू जर्सीहून. इथेही भाड्याच्या घरात भिंतींना हात लावू देत नाहीत. मी येताना सासूबाईंनी शिवलेली गोधडी आणली होती, थंडीसाठी. इथल्या थंडीत ती पुरेना, म्हणून एक दिवस पलंगामागे दांडीवर टाकली. गेली सहा वर्षं तिथेच आहे. शेजारच्या आजी स्वतः क्विल्ट शिवतात, त्यांनी जवळ जाऊन टाके मोजले आणि विचारलं, ‘हे कुठल्या आकृतीवरून शिवलं?’ आकृती नव्हतीच. जे लुगडं फाटलं ते पुढे घेतलं. सासऱ्यांचा धोतराचा तुकडा, नवऱ्याच्या शाळेच्या शर्टची बाही, सगळं ओळखू येतं.

पखवाज
गोधडी म्हणा, आमच्याकडे कोल्हापुरात वाकळच.

विदर्भकन्या
आमच्याकडे कथडी.

धावदोरा
बेळगावात कौदी. आणि पलीकडे हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका शिवतात ती कवंदी. कडेपासून सुरुवात करून टाके घालत मध्याकडे जातात, आणि चार कोपऱ्यांना कापडाची तिहेरी-चौपदरी घडी लावतात, तिला फूल म्हणतात. फुलाशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे. बघितलीत तर विसरणार नाही.

विदर्भकन्या
आमची आजी कथडी शिवायला बसली की अंगणात अख्खी गल्ली जमायची. चार जणी चार कोपऱ्यांवर. गप्पांच्या ओघात टाका मोठा पडला की ती काही न बोलता उसवायची. माझ्या लग्नात तिने दिलेल्या कथडीच्या आत काय आहे ते मला मागच्या वर्षी कळलं. वरचं कापड विरलं आणि आतून तिचं स्वतःचं लग्नातलं पातळ दिसलं. त्यानंतर ती दुरुस्त करायला मी कुणाच्याच हाती दिलेली नाही, स्वतःच टाके घालतेय.

शेवंती_नाशिक
विदर्भकन्या, डोळे भरून आले.
आणि रानजाईचा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. साड्या कापाव्यात का? माझं मत: नाही. हातमागावरची नऊवारी आता परत अशी मिळणार नाही. उशीचा अभ्रा दोन वर्षांत विटतो. आजीची साडी दोन वर्षांत संपवायची का?

मांडवी_काठ
नाही कापायच्या. घडी घालून काचेच्या कपाटात ठेवा, तीही सजावटच.

धावदोरा
इथे मी दोघींशी वाद घालणार. आधी इरकल म्हणजे काय ते सांगते. अंगाचा ताणा सुताचा, पदराचा ताणा रेशमाचा. हे दोन वेगळे ताणे एकेका दोऱ्याला फास घालून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. हे जोडकाम प्रत्येक साडीला वेगळं करावं लागतं, ताग्यातून कापून काढल्यासारख्या साड्या निघत नाहीत. म्हणून पदर आणि अंग जिथे जुळतं तो सांधा कधीही कापायचा नाही, साडीचा जीव तिथे आहे.

पण कपाटात ठेवल्याने साडी वाचते हेही खरं नाही. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की घडीच्या रेषेवरच फाटते. रेशीम तर आधी. गिऱ्हाइकं पंचवीस वर्षं ‘जपलेली’ साडी आणतात, उलगडली की माझ्या हातातच आठ तुकडे होतात, आणि ती बाई रडते. वापरायची, नाहीतर निदान चार-सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालायची, सुती फडक्यात गुंडाळायची, प्लास्टिकमध्ये नाही.

रानजाई, अंजिरी विरलीय म्हणालीस. ती खिडकीसमोर धर आणि उजेडात बघ. कुठे विरलीय ते कळल्याशिवाय कापायचं की नाही हे ठरवू नकोस. आणि आईला विचार.

विदर्भकन्या
विचार करा, आजी असती तर तिने काय केलं असतं? आमच्या आजीने फाटलेलं लुगडं पूजेला ठेवलं नसतं.

शेवंती_नाशिक
फाटलेलं नसतं ठेवलं. धड असलेलं मात्र नक्की ठेवलं असतं.

बांबूवाली
उशिरा आले. दिव्याबद्दल एक: पुण्यात गणेश पेठेत बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या, सुपं, रोवळ्या मिळतात. एक उभट टोपली उलटी केली, मध्ये भोक पाडून होल्डर बसवला, की दिव्याची टोपी तयार. रात्री भिंतीवर जी सावली पडते ना, तीच सगळ्यात स्वस्त नक्षी. आत एलईडीच घाला, जुना तारेचा बल्ब फार तापतो, बांबूजवळ नको. वायरचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. जवळच कसब्यात तांबट आळी आहे, तुमच्या घागरीला मठाराचे, म्हणजे हातोडीच्या नक्षीचे ठोके नव्याने उठवून आणि पोचे काढून देतील. पण पूर्ण चकचकीत करू नका, जुन्या तांब्याचा तो तपकिरी-लाल रंग इरकलशेजारी फार छान दिसतो.

रानजाई
मंडळी, दीड महिन्याने परत येतेय. सगळ्यांचं सगळं वाचलं, काही दोनदा.

आधी खर्च. दिवे आणि वायर ६४०. पडद्यांचं पांढरट हातमागाचं कापड आणि शिलाई २,८२०. खण एक मीटर २२०, कुंकवाच्या लाल रंगात. उशांचा कापूस ९०० आणि अभ्र्यांची शिलाई ५००. सतरंजी १,८००. अरण्यने सांगितलं तसं डहाणूच्या चित्रकाराकडून तारपा नाचाचं छोटं चित्र घेतलं, २,५००. बुरूड आळीतली टोपली ३५०, मावशीकडे गेले होते तेव्हा. झाडं आणि कुंड्या १,२००. सगळे मिळून ११ हजारांच्या आत. उरलेले तसेच ठेवलेत, घाई नाही.

सोलापुरी चादर दिवाणावर. शेंगांना खास सांगते, लाल बाजू वर आहे आणि तीच घरातला पदर. बाकी सगळं तिच्याभोवती गप्प बसलंय. चौकड्याच्या दोन साध्या उशा, खणाच्या दोन, एवढंच. तपकिरी टाइल्स आता दिसतच नाहीत, आणि ट्यूब आठवड्यातून एकदा लावते, केर काढायला.

साड्यांचं. धावदोराताईंचं ऐकून अंजिरी खिडकीसमोर धरली. घडीच्या रेषेवर चार ठिकाणी आधीच गेली होती, चाळणीसारखा उजेड येत होता. आईला फोन केला तर ती दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन आली. दोघी जमिनीवर साडी पसरून बसल्या. मावशी म्हणाली, ही आई बाजाराला नेसायची, हिच्या ओच्यात आमच्यासाठी बत्तासे असायचे. मग तिनेच कात्री मागितली. पदर आणि त्याचा सांधा अखंड ठेवला, तो आता बांबूच्या काठीवर, दोन खिळ्यांच्या आधाराने, पावसाच्या बाजूची नसलेल्या भिंतीवर आहे. अंगातला धड भाग वाकळीसाठी. मावशी शिवतेय, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी समोर बसून दुसरा कोपरा शिवते. माझा टाका मोठा पडला की ती उसवायला लावते.

काळी चौकडी आईने परत नेली, तिला नेसायची आहे. हिरवी मी ठेवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसणार, नऊवारी नेसायला शिकतेय. शेवंतीताई, ती अगदी धड आहे, तिला कात्री लागणार नाही.

शेवंती_नाशिक
रानजाई, समाधान झालं. ओच्यातल्या बत्ताशांबद्दल मावशींना माझा नमस्कार सांग. वाकळ झाली की फोटो हवाच.

ठाकुर्लीकर
टोपलीची सावली बघायला आम्ही दोघं येतोय. चहा तुमच्याकडे, शेंगाचटणी आमच्याकडून (सोलापूरहून मागवलीय).

रानजाई
नक्की या, रविवारी दुपारी मात्र शिवण असते.
धावदोराताई, एक शेवटचं. अंजिरीचा काठ साडेतीन मीटर उरलाय, लाल, अगदी धड आहे. पांढऱ्या पडद्याच्या खालच्या कडेला लावला तर?

धावदोरा
लाव, सुरेख दिसेल. पण आधी पडदा आणि काठ दोन्ही वेगवेगळे धुऊन घे. काठ जुना, आटायचा तेवढा आटलाय. पडद्याचं कापड नवं आहे, न धुता शिवलंस तर पहिल्या धुण्यात ते आखडेल आणि काठाला झोल येईल. आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरतोय का तेही रुमालाने बघ. टाका हातानेच घाल, मशीन नको, म्हणजे पुढे कधी उसवून साडीकडे परत नेता येईल.

रानजाई
आज रात्रीच पडदे भिजत घालते. काठ वेगळ्या बादलीत.